पेटी जी. आय. पी.ची, मीटर कुठला?

प्रश्न : माझे आजोबा भुसावळला रेल्वेत होते. माळा आवरताना त्यांची एक सागवानी पेटी सापडली. आत काळा, वजनदार मीटर आहे. खाली दोन मोठे नॉब, वर काट्याची डायल, त्यावर 'ॲव्होमीटर मॉडेल ८' असं लिहिलंय. डायलवरच बारीक अक्षरांत एक नंबर आहे, त्याच्या शेवटी ११५९ हे आकडे येतात. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात 'जी. आय. पी.' आहे. जुन्या वस्तूंचे एक व्यापारी म्हणाले, हा इंग्रजांच्या काळातला, स्वातंत्र्यापूर्वीचा मीटर आहे. खरं का? आणि तो चालू आहे की नाही, हे कसं बघायचं?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : व्यापाऱ्यांनी पेटी वाचली, मीटर वाचलाच नाही. ॲव्होचं मॉडेल ८ बाजारात आलं तेच मुळी मे १९५१मध्ये, तेव्हा स्वातंत्र्यापूर्वीचा हा प्रश्न तिथेच निकालात निघतो. आता पेटी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ला मध्य रेल्वेत विलीन झाली. म्हणजे जी. आय. पी.ने नवाकोरा मॉडेल ८ विलायतेहून मागवला, तो बोटीने आला, भांडारात नोंदला गेला आणि पेटीवर नाव रंगवलं गेलं, हे सगळं जेमतेम सहा महिन्यांत व्हायला हवं. सरकारी खरेदी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी हसावं.

शिवाय नंबराच्या शेवटचे ते ११५९. ॲव्होच्या पुष्कळ मीटरांवर नंबराचा शेवटचा तुकडा महिना आणि वर्ष सांगतो. ११५९ म्हणजे अकरावा महिना, १९५९. तुमचा मीटर नोव्हेंबर १९५९चा आहे. तेव्हा जी. आय. पी. नाव जाऊन आठ वर्षं झाली होती. मग पेटी? ती बहुधा वर्कशॉपमधल्या सुताराने आधीच्या कुठल्यातरी उपकरणासाठी केली असणार. ते उपकरण मोडीत गेलं, सागवान कोण टाकणार? पेटीच्या आत बघा. बनातीचं अस्तर असेल तर त्यावर आधीच्या उपकरणाच्या पायांचे किंवा कडांचे दाब उमटलेले असतात. मीटर पेटीत सैल बसत असेल, किंवा मागे लाकडाची पट्टी ठोकून जागा भरली असेल, तर जोडी नंतर जमली एवढं नक्की.

काळ ठरवण्याचा सगळा खेळ इथे आहे. अशा वस्तूवर एक तारीख नसते, अनेक असतात, आणि त्या दोन जातींच्या असतात. एक जात सांगते, 'याच्या आधीचा नाही'. मॉडेलचं नाव, आतल्या सुट्या भागांवरचे शिक्के, डायलवरची चिन्हं ही त्यातली. दुसरी जात सांगते, 'या वेळेला होताच'. मालकाचं नाव, दुरुस्तीची चिठ्ठी, पावती ही त्यातली. खरं वर्ष या दोहोंच्या मधे कुठेतरी असतं. दोन टोकं एकमेकांना ओलांडून गेली, तुमच्या बाबतीत गेली तशी, की समजायचं, वस्तू एक नाही, दोन आहेत.

मालकाच्या शिक्क्यांना आपल्याकडे फार मोल आहे, कारण खात्यांची नावं सतत बदलत आली. बी. बी. अँड सी. आय. असेल तर ५ नोव्हेंबर १९५१च्या आधीचा शिक्का, त्यानंतर पश्चिम रेल्वे. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचं नाव असेल तर १९६०नंतरचं आणि २००५मध्ये मंडळाच्या कंपन्या होण्याआधीचं. बाणाच्या टोकासारखी खूण असेल तर ते ब्रिटिश लष्करी सामान. बाणासोबत इंग्रजी 'आय' हे अक्षर असेल तर हिंदुस्थानच्या लष्कराचं. मात्र शिक्का सांगतो तो मालकीचा काळ, निर्मितीचा नव्हे. लष्करी मोडीतून घेतलेले मीटर नंतर कॉलेजांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं नांदले आणि तिथे त्यांच्यावर दुसरे शिक्के बसले.

या मीटरची थोडी कुळकथा सांगतो. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात डोनाल्ड मॅकॅडी नावाचे इंजिनिअर होते. टेलिफोनच्या लाइनी तपासायला करंटचा वेगळा, व्होल्टेजचा वेगळा, रेझिस्टन्सचा वेगळा अशी उपकरणं वागवून ते वैतागले आणि त्यांनी तिन्ही एका डब्यात बसवली. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरं जोडून नाव झालं ॲव्हो. लंडनच्या ऑटोमॅटिक कॉइल वाइंडर कंपनीने १९२३मध्ये तो बाजारात आणला. पहिला मीटर फक्त डीसी मोजायचा. एसीची सोय पुढे रेक्टिफायर आल्यावर झाली. मॉडेल ८च्या वेळेपर्यंत रेडिओ आणि टीव्हीचं काम वाढलं होतं. व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये मीटर लावला की तोच करंट खातो आणि व्होल्टेज खरं असतं त्याहून कमी दिसतं. म्हणून मॉडेल ८ डीसीवर व्होल्टमागे २०,००० ओहमचा केला. ही जमात इतकी चिवट की सातव्या आवृत्तीपर्यंत येत शेवटी २००८मध्ये उत्पादन थांबलं. तेव्हा 'मॉडेल ८ म्हणजे जुना' असंही धरून चालू नका. कुठली 'मार्क' आवृत्ती आहे ते आधी बघा.

आता नंबरच नसेल, किंवा डायल बदललेली असेल, तर? मग आत बघावं लागतं. सगळ्यात बोलका भाग म्हणजे चुंबक. जुन्या टंगस्टन किंवा कोबाल्ट पोलादाचं चुंबक टिकायचं तर ते लांब असावं लागे, म्हणून सुरुवातीच्या मीटरांत भलीमोठी नाल दिसते. जपानमध्ये मिशिमा नावाच्या संशोधकांनी १९३१मध्ये निकेल आणि ॲल्युमिनिअम घातलेलं पोलाद काढलं आणि त्यातून अल्निको आलं. त्यानंतर चुंबकं आखूड, ठेंगणी होत गेली. आत आखूड ठोकळा दिसला तर मीटर १९३०च्या आधीचा असूच शकत नाही, बाहेरचं पितळ कितीही पुराणं दिसो.

मग स्क्रू. ब्रिटिश उपकरणांत बी. ए. आट्यांचे, सरळ खाचेचे स्क्रू असत. स्टार स्क्रू १९३०च्या दशकातला, अमेरिकेतला. तुमच्या १९५९च्या ॲव्होत एखादा स्टार स्क्रू दिसला तर कोणा मेकॅनिकचा हात फिरलाय असं समजा. अमेरिकन मीटर असेल तर पोटेन्शिओमीटरच्या पाठीवरचे आकडे वाचा. १३७७८२५ असा आकडा असला तर १३७ हे सीटीएस कंपनीचं, ७८ हे वर्ष आणि २५ हा आठवडा, म्हणजे १९७८चा जून. काट्याऐवजी आकड्यांचा डिजिटल मीटर असेल तर आयसीवरचे चार आकडे साधारण तेच सांगतात, आधी वर्ष, मग आठवडा. एक पथ्य मात्र पाळा : सगळ्यात नवा मूळ भाग वर्ष ठरवतो, सगळ्यात जुना नव्हे. कारखान्यात भाग कपाटात पडून राहतात. मूळ भाग कुठला आणि नंतर घातलेला कुठला, हे जोडाच्या चकाकीवरून कळतं. कारखान्याचे डाग एकाच हाताचे असतात, दुरुस्तीचा डाग हटकून जाडा.

डायलवर 'सायकल्स' लिहिलंय की 'हर्ट्झ', हेही बघा. हर्ट्झ हे एकक १९६०मध्ये जागतिक परिषदेने अधिकृत केलं आणि पुढच्या दशकभरात ते डायलवर उतरलं. चांदणी आणि तिच्यात २ हा आकडा असेल तर मीटर दोन हजार व्होल्टला तपासलेला आहे, ते वर्ष नव्हे. लोक तोही वर्षाशी जोडतात म्हणून सांगितलं.

चालू आहे का बघायची घाई करू नका, आणि भिंतीतल्या प्लगमध्ये तर मुळीच घालू नका. साठ वर्षांपूर्वीच्या रबरी वायरींचं इन्सुलेशन हातात भुगा होऊन येतं. आधी बॅटरीचा कप्पा उघडा. जुना सेल फुटून पांढरं-हिरवं साचलं असेल तर साधा झिंक-कार्बन सेल असेल तिथे खायच्या सोड्याचं पाणी, अल्कलाइन असेल तिथे थोडं व्हिनेगर, कापसाच्या बोळ्याने. धार धरून नव्हे. मग मीटर हातात आडवा धरून हलकेच कलता करा आणि काटा कसा डोलतो ते बघा. सगळ्यात लहान डीसी करंटची रेंज लावून दोन्ही टर्मिनल तारेने जोडा आणि पुन्हा कलता करा. काटा आता जड, आळसावल्यासारखा हलू लागला तर कॉइल शाबूत आहे. फरक काहीच पडला नाही तर कॉइल तुटलेली असू शकते, किंवा स्विच संपर्क देत नसेल. नॉब दहा-वीसदा फिरवून पुन्हा बघा. दुसऱ्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजने ही कॉइल तपासायचा मोह आवरा. पूर्ण काटा जायला पन्नास मायक्रोअँपिअर पुरे होतात. मल्टिमीटर त्याच्या कितीतरी पट करंट सोडेल आणि काटा वाकेल.

व्होल्ट आणि करंट मोजायला या मीटरला बॅटरी लागतच नाही, ती फक्त ओहमसाठी. तेव्हा टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल लावून बघा, सुई दीडच्या आसपास गेली की अर्धी लढाई जिंकली. ओहमच्या मोठ्या रेंजला पंधरा व्होल्टची बॅटरी लागते, ती मिळणं कठीण. तीन व्होल्टचे पाच बटण सेल रांगेत बसवले की काम भागतं.

प्रश्न : हाताने फिरवायचा मेगर मिळाला आहे. तो दाखवण्यापुरता ठेवावा की वापरावा?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दाखवण्यापुरता. सिडनी एव्हरशेड यांचं पेटंट १८८९चं, आणि 'मेगर' हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदलं गेलं २५ मे १९०३ला. तेव्हा हे नाव असलेला कुठलाही नग त्याआधीचा नसतो. इन्सुलेशन तपासायच्या या मीटरचं हँडल फिरवलं की आतला जनरेटर बहुधा पाचशे व्होल्ट देतो, काही नग हजार. करंट कमी असतो, पण झटका जोरदार बसतो, आणि पोरांना हँडल दिसलं की ती फिरवणारच. टर्मिनलांवर टोपी बसवून ठेवा. जुन्या ब्रिटिश डायलवर ओमेगा हे अक्षर लहान असेल तर ओहम आणि मोठं असेल तर मेगओहम, असाही एक प्रघात होता. तेव्हा 'हा मेगर फार कमी दाखवतो' असं ठरवण्याआधी चिन्ह नीट बघा.

एक गोष्ट याला जोडूनच. विमानातून किंवा लष्करी मोडीतून आलेल्या मीटरचे आकडे पिवळट जाड रंगात असतील तर तो रेडियमचा रंग असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणून तो निरुपद्रवी होत नाही; चमकणारं रसायन संपतं, रेडियम सोळाशे वर्षांनी कुठे निम्मं होतं. काच उघडू नका, खरवडू तर अजिबात नका.

प्रश्न : जमवायचेच तर विलायती मीटर जमवावेत की भारतीय? भारतीय मीटरला कोण विचारतो?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाशिकच्या माणसाने हे विचारावं, याची गंमत वाटते. तुमच्याच नाशिक रोडला मोटवाने कंपनीने मल्टिमीटर बनवले. त्यांचा '८ एक्स' मीटर पुष्कळ वर्कशॉपमध्ये असे, आणि त्याने कोणाचा कित्ता गिरवला ते नावावरूनच कळतं. ग्यानचंद मोटवाने यांनी १९०९मध्ये सिंधमधल्या सक्करला सुरू केलेला हा व्यवसाय पुढे मुंबईला आला. काँग्रेसच्या अधिवेशनांतले 'शिकागो रेडिओ'चे लाउडस्पीकर याच घराण्याचे. १९४२च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात नानिक मोटवाने यांनाही पकडलं होतं. विलायती ॲव्होवर इंग्रजीत जाडजूड लिखाण उपलब्ध आहे. आपल्या मीटरांवर फारसं कोणी लिहिलेलं नाही, म्हणून माझं मत भारतीयांच्या बाजूचं.

त्यांचा काळ ठरवायला नंबरापेक्षा पत्ता कामाला येतो. नावाच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलवर 'बॉम्बे ४' असा एक-दोन आकडी विभाग असेल तर छपाई बहुधा १५ ऑगस्ट १९७२च्या आधीची, कारण सहा आकडी पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. बॉम्बे जाऊन मुंबई आलं ते १९९५मध्ये. पावती रुपये-आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७च्या आधीची, 'नये पैसे' असतील तर त्यानंतरच्या काही वर्षांतली. डायलवर आय. एस. १२४८ हा भारतीय मानकाचा नंबर दिसेल. त्याच्या पुढे वर्ष छापलं असेल तर मीटर त्या वर्षाच्या आधीचा नाही, एवढंच. नुसत्या आयएसआयच्या खुणेवर विसंबू नका. संस्थेचं नाव १९८७मध्ये बदललं, पण मालावरची खूण तीच राहिली.

स्वच्छतेबद्दल दोन शब्द. थिनर आणि पेट्रोल लांब ठेवा. डायलवर काचेऐवजी प्लास्टिक असेल तर कोरड्या फडक्याने घासल्यावर त्यात स्थिर वीज साठते आणि काटा भलतीकडेच चिकटून बसतो. ओलसर फडक्याने पुसा, काटा जागेवर येतो. आणि रंगवलेली नावं, चिकटवलेल्या चिठ्ठ्या, कॅलिब्रेशनचे कागदी लेबल यांना हात लावू नका, मग ते कितीही कळकट दिसोत.

ज्यांच्या घरी वर्कशॉप, रेडिओ दुरुस्तीचं दुकान किंवा पॉलिटेक्निकची नोकरी होती, त्यांना एवढीच विनंती : मुंबई, पुणे, नाशिकच्या मीटर कारखान्यांचे कॅटलॉग, मॅन्युअल, पावत्या रद्दीत घालण्यापूर्वी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. पत्ता आणि किंमत असलेलं पान आधी.