अंगणातील कोंबडी आणि ओसरीवरील कुत्रा



आपल्या गोव्यातील खेड्यांत परसात कोंबड्या आणि ओसरीवर कुत्रा असलेली घरे पुष्कळ आढळतात. कोंबडी अंडी देते, आणि पोराबाळांच्या वह्यापुस्तकांचा खर्च काही घरांत ह्या अंड्यांच्या पैशांतूनच निघतो. कुत्रा राखण करतो, त्याच्या वावरामुळे मुंगूस आणि कोल्हा खुराड्याजवळ यावयास सहसा धजत नाहीत. दोघेही घराला उपयोगी. परंतु हे दोन जीव एकाच अंगणात सुखाने नांदतील काय, हा प्रश्न बहुधा अनर्थ घडून गेल्यावरच विचारला जातो. आमच्या घरी तरी तसेच घडले.

मी त्या वेळी आठवीत होतो. आईपाशी दहाबारा गावठी कोंबड्या होत्या. आमचा मोत्या पिलू असल्यापासून त्यांच्यातच वाढला होता. कोंबड्या त्याच्या अंगावरून जात, तरी तो डोळा उघडीत नसे. पुढे अधिक अंडी मिळावीत म्हणून वडिलांनी सहा पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या आणल्या. त्या पिंजऱ्यात वाढलेल्या होत्या, कुत्रा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना परसात सोडले. मोत्या आळस देऊन उठला मात्र, आणि त्या सहाही जणी कर्कश ओरडत चहूकडे उधळल्या. आई धावत येईपर्यंत चार कोंबड्या मरून पडल्या होत्या. नवल हे की, त्यांतील एकही त्याने खाल्ली नव्हती.

शेजारी म्हणाले, "ह्याला रक्ताची चटक लागली. आता नदीपलीकडे सोडून या." वडिलांनी दोरीही हातात घेतली होती. तेव्हा आई आमच्या कोंकणीत एवढेच म्हणाली, "चूक सुण्याची न्हय, आमची." त्या वेळी मला ते केवळ तिच्या मायेचे बोल वाटले. पुढे ह्या विषयावर वाचन केले, तेव्हा ती शास्त्राला धरून बोलली होती, असे ध्यानात आले.

कुत्रा हा लांडग्याचा वंशज होय. शिकारीची प्रवृत्ती त्याच्या रक्तात आहे, आणि तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: टक लावून पाहणे, दबकत जवळ जाणे, पाठलाग करणे, पकडणे आणि ठार मारणे. ही साखळी बहुतेक वेळा भुकेने नव्हे, तर हालचालीने सुरू होते. स्थिर उभ्या असलेल्या कोंबडीकडे जो कुत्रा ढुंकूनही पाहत नाही, तोच फडफडत पळणाऱ्या कोंबडीमागे भान विसरून धावतो. माणसाने आपल्या सोयीप्रमाणे ह्या पायऱ्या कोठे वाढविल्या, तर कोठे दडपल्या. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचा कुत्रा (ह्याचे चित्र २००५ साली भारतीय टपाल तिकिटावर आले) नजरेने सावज हेरून वेगाने गाठणारा म्हणून नावाजलेला आहे. लॅब्रॅडोर हा पाडलेला पक्षी तोंडात धरून आणण्यासाठी जोपासला गेला. उलट, कळपातच वाढविलेला राखणीचा कुत्रा जनावरांत शांतपणे वावरतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, कोंबडीची जात निवडण्यापूर्वी आपल्या कुत्र्याचा स्वभाव पारखावा.

आता कोंबड्यांकडे वळू. येथे एक पेच आहे. हलकी व चपळ कोंबडी कुत्र्याला पळावयास लावते, परंतु झाडावर उडून जीवही वाचविते. जड व शांत कोंबडी त्याला चाळवीत नाही, परंतु प्रसंग ओढवलाच तर तिला पळता येत नाही.

इटलीतील लिव्होर्नो बंदरावरून नाव मिळालेली लेगहॉर्न वर्षाला अडीचशेहून अधिक अंडी घालू शकते, पण ती फार बुजरी असते. कुत्र्याच्या अंगणात ती न आणलेलीच बरी. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड रेड ही तांबूस, भारदस्त आणि बरीच शांत. बंगळूर येथे तयार झालेली गिरिराज तर चांगलीच वजनदार असते. शांत स्वभावाच्या कुत्र्याबरोबर ह्या दोन्ही जाती शोभतात. मात्र पाठलागाची खोड असलेला कुत्रा असल्यास त्यांना कुंपणाआडच ठेवावे.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी वनराज आणि ग्रामप्रिया ह्या जाती निर्माण केल्या. वनराजाचे पाय लांब असतात. ग्रामप्रिया वजनाने त्याहून हलकी असून अंडी अधिक देते. दोन्ही रंगीत पिसांच्या असल्याने पांढऱ्या कोंबडीइतक्या घारीच्या नजरेत भरत नाहीत. ह्यांची पुढची पिढी मात्र तितक्या गुणांची निपजत नाही, म्हणून पिले दर वेळी नवीन आणावी लागतात. झाबुआचा कडकनाथ (२०१८ साली ह्याला भौगोलिक मानांकन मिळाले) काटक व चपळ असतो, पण त्याची मादी सहसा खुडूक बसत नाही. असील जातीची कोंबडी उत्तम आई होय. पिलांवर चालून आलेल्या कुत्र्यालाही ती चोचीने पिटाळते. इज्जतनगर येथे असीलच्या संकरातून काढलेल्या जातीला 'निर्भीक' हे नाव देण्यात आले, ते अशाच गुणांमुळे. परंतु असील नर एकमेकांशी झुंजतात, म्हणून कळपात एकच ठेवावा.

आणि आपली गावठी? तिची अंडी थोडी, अंगही लहान. परंतु ती स्वतः चरते, रात्री फांदीवर चढते, २१ दिवस अंड्यांवर बसून पिले काढते आणि कुत्र्याच्या चालीवरून त्याचे मन ओळखते. मिश्र स्वभावाच्या कुत्र्यांच्या घरी मी प्रथम गावठी आणि तिच्या जोडीला काही ग्रामप्रिया असेच सुचवीन.

जात कोणतीही असो, ओळख करून दिल्यावाचून दोघांना एकत्र सोडू नये. नव्या कोंबड्या आठवडाभर खुराड्यातच ठेवाव्यात. कुत्र्याला पोटभर खाऊ घालून, साखळीला धरून, जाळीबाहेर बसवावे. तो शांत राहिला की कौतुक करून काहीतरी खावयास द्यावे. टक लावू लागला की लगेच दूर न्यावे. असे कित्येक दिवस केल्यावरच जाळी उघडावी, तीही घरातील मोठे माणूस जवळ असताना. पिले डालग्याखालीच ठेवावीत. कोंबडी मेल्यानंतर कुत्र्याला झोडपणे व्यर्थ होय. मागच्या कृत्याचा आणि आताच्या माराचा संबंध त्याला जोडता येत नाही. आणि त्याला उपाशी मरण्यासाठी दूर सोडून देणे हे तर निर्दयपणाचे कृत्य आहेच, शिवाय १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाही आहे.

मोत्याला वडिलांनी सोडले नाही. उरलेल्या दोन लेगहॉर्न कुत्रा नसलेल्या एका नातलगाकडे गेल्या. पुढे तो म्हातारा होऊन ओसरीवरच गेला, तोवर गावठी कोंबड्या त्याच्या थाळीतील भात बिनधोक टिपीत असत. मुक्या जिवांना एकत्र आणणारे आपण. तेव्हा कोणाचा स्वभाव कोणाशी जुळेल, ह्याचा विचार करणे हेही आपलेच कर्तव्य होय. तुमच्या घरी नवी कोंबडी येणार असेल, तर आधी ओसरीवर जाऊन कुत्र्याकडे नीट पाहा.