दादांची झिंझोटी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझी आत्या परवा मुंबईहून परतली आणि तिने सांगितलेल्या हकिकतीने माझी झोप उडाली आहे. दादा गेल्यापासून त्यांच्या ग्रामोफोनवर तू चादर घातलीस, रेडिओ शेजाऱ्यांना देऊन टाकलास आणि कचेरीतून आल्यावर कोणाशी न बोलता खिडकीपाशी बसून राहतोस म्हणे. दुःख अनावर असते हे मी जाणतो. परंतु ज्या घरात सकाळचा चहा तबकडीवाचून कधी झाला नाही, त्या घरात वर्ष होत आले तरी असा शुकशुकाट तू हट्टाने पाळावास, हे मला मुळीच मान्य नाही.

गाण्यात मन लागत नाही, असे तू आत्याला सांगितलेस. अरे, मन लागेल तेव्हा ऐकीन, ही अट कोणत्या न्यायाची? जमाबंदीच्या धामधुमीत, पुढे त्या दीर्घ दुखण्यात, दादांचे मन थाऱ्यावर होते काय? तरीही नवी सुई बसवून ते अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी लावीत. अवधी जेमतेम साडेतीन मिनिटांचा, पण ती संपली की इतक्या वर्षांच्या परिचयानंतरही, "आज मंद्रातला धैवत काही निराळाच भासला," असे ते नवलाने म्हणत, आणि मग दप्तर काखोटीस मारून शांतपणे बाहेर पडत.

माझी हळहळ तुला ठाऊकच आहे. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला खाँसाहेब गात, आणि मी तेथेच उमेदवारी करीत असूनही वरिष्ठांची मर्जी राखण्यापायी पुढल्या उरुसावर भिस्त ठेवीत राहिलो. १९३७च्या ऑक्टोबरात मद्रासेहून पाँडिचेरीस जाताना वाटेत त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळ कोईलच्या स्टेशनावर उतरून, तंबोरा जुळवून घेऊन, प्रार्थना गात त्यांनी देह ठेवला. अंतसमयी ज्या सुराचा आसरा त्या थोर पुरुषाने घेतला, त्याच सुराला तू दाराबाहेर ठेवावेस आणि स्वतः खिडकीपाशी बसावेस!

रागाच्या भरात फार लिहून गेलो. बाळ, तुला एकट्याला त्या घरात किती जड जात असेल, याची कल्पना मला येथे रात्री पडल्या पडल्या येते. निदान रेडिओ परत माग. शनिवारी रात्री नभोवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम असतो, तो मी चुकवीत नाही; त्या वेळी तूही तेच गाणे ऐकत आहेस एवढे ठाऊक असले, तरी मला मोठा धीर येईल. झिंझोटीची तबकडी झिजली असल्यास कळव, दुसरी मिळवून धाडतो. आणि नाहीच काही ऐकवले, तरी मी रागावणार नाही; पण दिवाळीला इकडे ये, आणि तोवर दोन ओळी तरी लिही.

तुझा,
अण्णाकाका