धक्क्यावरचे जहाज लवकर कसे सुटेल?

मालवाहू जहाज समुद्रात चालत असते तेव्हा ते भाडे मिळवीत असते. धक्क्याला बांधलेले असते तेव्हा मात्र नुसता खर्च चालू राहतो. खलाशांचे पगार, विमा, कर्जावरचे व्याज, यांपैकी काहीच थांबत नाही. म्हणून आलेले जहाज किती तासांत परत पाठवले, यावर बंदराची खरी परीक्षा होते.

पूर्वी हे उत्तर तासांत नव्हे, दिवसांत द्यावे लागे. पोती, पिंपे, गासड्या, खोकी असा नाना आकारांचा माल कामगार जाळ्यांत भरीत आणि यारी, म्हणजे क्रेन, तो उचलीत असे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील न्यूअर्कहून ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ मालपेट्या घेऊन ह्यूस्टनकडे निघाले आणि माल्कम मॅक्लीन या वाहतूक व्यावसायिकाची ही कल्पना हळूहळू जगभर पसरली. ही पोलादी पेटी म्हणजेच कंटेनर. बहुधा २० किंवा ४० फूट लांब, ८ फूट रुंद, आणि कोपऱ्यांना ठरावीक मापाच्या खोबणी. आत चहा आहे की यंत्रे, याच्याशी यारीला कर्तव्य नाही. रायगड जिल्ह्यात न्हावा-शेवा येथे १९८९ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरात आज मुख्यतः हेच काम चालते.

आता एक गणित करू. समजा, एका जहाजावर २,००० कंटेनरांची चढ-उतार करायची आहे. धक्क्यावर चार याऱ्या आहेत आणि प्रत्येक यारी तासाला २५ कंटेनर हाताळते. चौघी मिळून तासाला १००. म्हणजे जहाज २० तासांत मोकळे. गणित बरोबर आहे, पण प्रत्यक्षात ते सहसा जुळत नाही. का बरे?

पहिले कारण रुळांचे. सर्व याऱ्या एकाच रुळांवर ओळीने उभ्या असतात. एक यारी दुसरीला ओलांडून जाऊ शकत नाही. समजा, जहाजाच्या एका अरुंद भागातच ८०० कंटेनर आहेत आणि उरलेल्या तीन भागांत ४००-४००. तीन याऱ्या १६ तासांत रिकाम्या होतील. चौथीला मात्र ३२ तास लागतील, आणि तिच्या भागात दुसरीला शिरायला जागाच नाही. जहाज ३२ तासांनीच सुटणार! म्हणून कंटेनर जहाजभर विभागून ठेवावे लागतात. शिवाय जड पेट्या शक्यतो खाली हव्यात आणि पुढच्या बंदराचा माल आधीच्या बंदराच्या मालावर येता कामा नये. ही आखणी मागच्या बंदरातच करावी लागते. न्हावा-शेव्याचा वेळ कोलंबोच्या धक्क्यावर वाचतो किंवा वाया जातो, असे म्हटले तरी चालेल.

दुसरे कारण धक्क्याच्या मागे दडलेले असते. तासाला २५ म्हणजे दर २.४ मिनिटांना एक कंटेनर. तो नेणाऱ्या ट्रेलरची यार्डापर्यंतची फेरी १२ मिनिटांची असेल, तर एका यारीला पाच ट्रेलर पुरतात. पण यार्डात खोळंबून तीच फेरी १८ मिनिटांची झाली तर? पाच ट्रेलरांपैकी एक आता ३.६ मिनिटांनी येणार. यारीचे काम २५ वरून १६-१७ वर घसरले आणि २० तासांचे ३० झाले. अशा वेळी दुप्पट वेगाची महागडी यारी आणली तरी एक मिनिटही वाचत नाही. ती फक्त अधिक वेळ उभी राहील.

ट्रेलर खोळंबतो तो बहुधा रचनेमुळे. चार कंटेनरांच्या थप्पीतला तळचा हवा असेल, तर वरचे तीन हलवावे लागतात. शिक्षकांनी काड्यापेट्यांवर क्रमांक घालून तीन-चार थप्प्या रचाव्यात आणि मुलांना वाटेल त्या क्रमाने पेट्या मागायला सांगावे. फुकटच्या हालचाली मोजल्या की मुद्दा लगेच कळतो. जहाजावर चढवण्याच्या क्रमाने यार्डात रचना केली, ट्रेलर एकाच यारीला न बांधता ज्या यारीला गरज असेल तिकडे वळवले, आणि उतरवून परतणाऱ्या रिकाम्या यारीला जाताना चढवायचा कंटेनर दिला, तर आहे त्या यंत्रांतच बरेच तास वाचतात.

आणि या तासांचा हिशेब सरळ नसतो. खोल बुडणारे जहाज उथळ खाडीतून भरतीलाच बाहेर पडू शकते. काम अर्धा तास लांबले आणि भरती हुकली, तर पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. तोवर धक्का अडलेला, आणि बाहेर नांगर टाकून दुसरे जहाज उभे.

ते दुसरे जहाज कदाचित धावतपळत आलेले असते. जहाजाचा ताशी इंधनखर्च साधारणतः वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी २० सागरी मैलांवरून १८ वर आणला, तर तासाचे इंधन ०.९ च्या घनाइतके, म्हणजे सुमारे ७३ टक्के होते. प्रवासाला वेळ जास्त लागतो हे धरूनही तेवढ्याच अंतरासाठी सुमारे १९ टक्के इंधन वाचते. धक्का अमुक वाजता रिकामा होईल असे बंदराने दोन दिवस आधी कळवले, आणि तो शब्द पाळला, तर कप्तानाला समुद्रातच वेग कमी करता येतो.