दप्तरखान्यातील ओल व शीतक वेटोळ्याची निवड

पावसाळ्यात गोव्याच्या किनारपट्टीवर मिठाला पाणी सुटते, पापड मऊ पडतात आणि कपाटातील पुस्तकांना बुरशीचा वास येऊ लागतो. हीच ओल सरकारी दप्तरखान्यात शिरल्यास जमिनींच्या नोंदी, जुने करारनामे व मोडी लिपीतील कागद यांची अपरिमित हानी होते. गोव्यातील पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ सालापर्यंत मागे जाते. असा एखादा कागद कुजला, तर तो पुन्हा लिहून घेता येत नाही. म्हणून अशा खोल्यांतून वातानुकूलन यंत्रे बसविण्यात येतात. मात्र खोली गार असूनही कागद दमटच राहतात, असा अनुभव पुष्कळदा येतो. त्याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

वातानुकूलनाचा जन्मच मुळी कागदाच्या ओलीतून झाला. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत व रंगीत छपाईत रंग एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातील ओल काढण्याची योजना तेथे आखली.

ओल कशी निघते?

थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून थेंब येतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. हवा ज्या तापमानाला निवाली असता तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊ लागते, त्यास दवबिंदू म्हणतात. यंत्रातील थंड नळ्यांचे वेटोळे, म्हणजेच कारागिरांच्या भाषेत कॉइल, हाच तो तांब्या होय. त्याचा पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा थंड असेल तरच ओल निघते. खोलीत २४ अंश सेल्सिअस तापमान व ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखावयाची असेल, तर तेथील दवबिंदू १४ अंशांच्या किंचित वर येतो. म्हणून वेटोळ्यातून बाहेर पडणारी हवा साधारणतः १२ ते १३ अंशांची असावी लागते.

ओल न काढता हवा केवळ गार केली, तर दमटपणा उलट वाढतो. २८ अंशांची ६० टक्के आर्द्रतेची हवा तशीच २४ अंशांवर आणली, तर तिची आर्द्रता सुमारे ७६ टक्के होते. एवढी आर्द्रता टिकून राहिली, तर कागदावर बुरशी धरते.

भाराचे दोन भाग

तापमान उतरविण्यासाठी काढावी लागणारी ती संवेद्य उष्णता, व बाष्पाचे पाणी करण्यासाठी काढावी लागणारी ती सुप्त उष्णता. पावसाळ्यातील ३० अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत दर किलोग्रॅम कोरड्या हवेमागे सुमारे २३ ग्रॅम बाष्प असते. वरील खोलीत ते सुमारे १० ग्रॅमच हवे. ताशी ५०० घनमीटर बाहेरची हवा आत घेतली, तर दर तासाला सुमारे ७ लिटर पाणी काढावे लागते. त्यासाठी लागणारे शीतन पावणेदोन टनांच्या जवळपास असून, त्यातील चार-पंचमांशांहून अधिक भाग सुप्त उष्णतेचा असतो.

मोठे यंत्र का फसते?

गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटपट गार करते व तापमान नियंत्रक त्याचा संपीडक बंद करतो. ओल निघण्यास पुरेसा वेळच मिळत नाही. पंखा चालू राहिल्यास वेटोळ्यावरील पाणीही पुन्हा हवेत मिसळते. म्हणून वेटोळे निवडताना निव्वळ टनांचा आकडा पाहू नये. नळ्यांच्या सहा ते आठ ओळींचे खोल वेटोळे व संथ हवा यांमुळे ओल अधिक निघते. वेटोळ्यासमोर हवेचा वेग सेकंदाला अडीच मीटरपेक्षा फार वाढल्यास थेंब हवेबरोबर पुढे वाहून जातात.

ढगाळ दिवसांत ऊन नसल्याने संवेद्य भार घटतो, ओल मात्र तशीच राहते. अशा वेळी ओल काढलेली हवा किंचित तापवून खोलीत सोडावी लागते. त्यासाठी यंत्राच्या संघनकातून बाहेर टाकली जाणारी उष्णता वापरल्यास विजेची बचत होते. लहान कार्यालयात ओल काढणारे स्वतंत्र यंत्र ठेवणेही सोयीचे ठरते.

अधिकाऱ्यांनी काय पाहावे?

निविदा मागविताना संवेद्य व सुप्त भारांचे आकडे वेगवेगळे मागावेत आणि हिशेब उन्हाळ्याप्रमाणेच पावसाळ्याच्या हवेचाही करून घ्यावा. दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात, वेटोळ्याखालील पन्हाळ व पाण्याची नळी साफ ठेवावी आणि खोलीत आर्द्रतामापक टांगून त्याची रोज नोंद करावी. सायंकाळी कार्यालय बंद होताना ओल काढणारे यंत्र मात्र बंद करू नये, कारण कागद रात्रीही ओल शोषतच असतो. खोलीत शिरताच गारवा जाणवला म्हणजे कागद सुरक्षित आहेत, असे समजू नये. त्याची ग्वाही आर्द्रतामापकाचा काटाच देऊ शकतो.