उंच तीर्थक्षेत्रांची यात्रा आणि शरीरधर्म

आपल्या परिसरातील अनेक भाविक श्रीकेदारनाथ, श्रीअमरनाथ व कैलास-मानसरोवर यात्रेचा संकल्प करतात. त्यांच्या माहितीसाठी हा लेख देत आहोत.

सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला सपाट प्रदेश समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. केदारनाथ मात्र ३,५८३ मीटरवर, अमरनाथची गुंफा ३,८८८ मीटरवर, तर कैलास परिक्रमेतील डोल्मा खिंड सुमारे ५,६३० मीटरवर आहे.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते. परंतु उंचीबरोबर हवेचा दाब घटतो. त्यामुळे केदारनाथला एका श्वासात येथील दोन-तृतीयांश, तर डोल्मा खिंडीत निम्माच प्राणवायू मिळतो. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रथम श्वास व नाडी जलद होतात. जलद श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो व रक्ताचा तोल ढळतो. मूत्रपिंडे जादा क्षार लघवीवाटे टाकून तो सावरतात. यास काही दिवस लागतात. रक्तातील तांबड्या पेशी पुरेशा वाढण्यास तर कित्येक आठवडे लागतात. तिबेटी लोकांना हजारो वर्षांच्या वास्तव्यातून लाभलेली आनुवंशिक देणगी, जिचा उलगडा २०१० साली झाला, आपल्यापाशी नाही. आपणांस वेळच द्यावा लागतो.

येथे शक्तीचा उपयोग नाही. १९६२ च्या युद्धकाळात मैदानी भागातील धडधाकट जवानांना घाईने हिमालयात न्यावे लागले, तेव्हा अनेकांना उंचीच्या आजाराने ग्रासले. लष्करी डॉक्टरांनी १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. आज ९,००० ते १२,००० फुटांवर जाणाऱ्या जवानासही प्रथम ६ दिवस हवामानाशी जुळवून घेण्यासाठी दिले जातात. शेगाव ते पंढरपूर पायी वारी करणाऱ्यांचे पाय कणखर असतात. पण ती सारी वाट हजार मीटरच्या आतली आहे. अमरनाथ यात्रेस सक्तीचे असलेले वैद्यकीय प्रमाणपत्र प्रकृतीची ग्वाही देते, सरावाची नाही. हेलिकॉप्टर काही मिनिटांत केदारनाथी पोचवते. शरीर मात्र तेवढ्या वेगाने बदलत नाही.

भाविकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. वर जाण्यापूर्वी २,००० ते २,५०० मीटरच्या टप्प्यात एक-दोन रात्री मुक्काम करावा. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये व तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी.

२. हृदयविकार, रक्तदाब, दमा किंवा रक्तक्षय असणाऱ्यांनी तपासणी करून घ्यावी. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णांनीच नव्हे, तर वाहकांनीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उंचीवरील गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

३. डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही पहिली लक्षणे होत. ती असताना आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागणे, खोकला, चालताना तोल जाणे किंवा भ्रम होणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णास सोबतीने तत्काळ खाली उतरवावे व वैद्यकीय मदत घ्यावी. प्राणवायूची नळी तात्पुरता आधार देते. खरा उपाय खाली उतरणे हाच.

अनेकदा संकल्प अपुरा राहील किंवा सोबत्यांचा खोळंबा होईल, या भिडेने भाविक, विशेषतः वडीलधारी मंडळी, त्रास लपवितात. हे मौन प्राणघातक ठरू शकते. वाटेतून परतणे हा संकल्पभंग नव्हे; देव तेथेच आहे, पुढील वर्षीही दर्शन घडेल. यात्रेचे नियोजन करणाऱ्यांनी दोन दिवस अधिक धरावेत. कोणाची यात्रा घडविण्यासाठी देणगी देणाऱ्या दात्यांनी या मुक्कामाचा खर्चही त्यातच धरावा, ही नम्र विनंती.

सर्वांची यात्रा सुखरूप होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.