विजेची करवत घेताना

घराची डागडुजी निघाली की करवत लागते. कुठे फळी कापायची, कुठे ओट्याखालच्या दाराला गोल भोक पाडायचे. हातकरवतीने सरळ कापता येते. पण वळण घेता येत नाही. त्यासाठी विजेची एक लहान करवत मिळते. तिला जिगसॉ म्हणतात. तिचे अरुंद पाते शिवणयंत्राच्या सुईसारखे भराभर वरखाली होते. आणि गंमत अशी, की ती सुचली शिवणयंत्रावरूनच! स्वित्झर्लंडमधील आल्बर्ट काउफमान या अभियंत्याने १९४६ साली शिवणयंत्राच्या सुईच्या जागी करवतीचे पाते बसवून पाहिले.

दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघरातल्या फळ्या बदलायला काढल्या. स्वस्त मिळाली म्हणून एक करवत आणली. तिची बैठक पातळ पत्र्याची. जरा जोर दिला की वाकायची. रेघ सरळ, पण काप वाकडा! प्लायवूडचा आख्खा तक्ता वाया गेला. गॅरंटीचा कागद काढून पाहिला, तर त्यावर ना तारीख, ना दुकानाचा शिक्का. जन्मभर मुलांना सांगितले, “वाचा, मग सही करा.” आणि आम्हीच न वाचता पैसे मोजून आलो!

म्हणून सांगतो, दुकानात घाई करू नका. आधी यंत्रावरची पट्टी वाचा. आता तुम्हांला अक्षरे येतात, आकडे येतात. वॅटचा आकडा पाहा. घरच्या कामाला ५०० ते ६०० वॅट पुरे. चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर यंत्राला दुहेरी विद्युतरोधन आहे असे समजावे.

मग बैठक पाहा. ती जाड व सपाट हवी. पाते बसवून गुण्या लावा. पाते बैठकीशी काटकोनात उभे राहिले पाहिजे. पात्याच्या मागे आधाराची लहान चाकी असते. पाते तिच्यात नीट बसावे. बाजूला डुलता कामा नये. वेग कमीजास्त करण्याची सोय हवी. लाकडाला वेग जास्त लागतो, लोखंडाला कमी. यंत्र चालवून पाहा. हाताला फार हादरे बसले, तर खाली ठेवा.

पाती झिजतात, मोडतात. म्हणून तशी पाती आपल्या गावच्या बाजारात मिळतात का, हे आधीच विचारा. मोठे, विरळ दाते लाकडासाठी. बारीक, दाट दाते पत्र्यासाठी.

एक खुबी ध्यानात ठेवा. बहुतेक पात्यांचे दाते वर तोंड करून असतात. त्यामुळे वरच्या बाजूला ढलप्या उडतात. म्हणून फळीची चांगली बाजू खाली ठेवून कापावे.

पाते बदलताना आधी प्लग काढा. नुसता खटका बंद करून भागत नाही. डोळ्यांवर चष्मा घाला. पदर, बाही आवरून घ्या. फळी शिकंज्यात घट्ट आवळा. कापताना फळीखाली हात घालू नका. पाते खालूनही बाहेर येते. तक्ता गेला तर दुसरा आणता येईल, बोट कुठून आणाल?

पावती घ्या. गॅरंटीच्या कागदावर तारीख व शिक्का घ्या. तो तिथेच, दुकानदारासमोर वाचा. वाचता येणाऱ्याला फसवणे सोपे नसते.

प्रश्न
१. पत्रा कापायला कसे दाते हवेत?
२. फळीची चांगली बाजू खाली का ठेवावी?
३. घरातील एखाद्या यंत्रावरची पट्टी वाचा व वॅटचा आकडा वहीत लिहा.