गूळ घातला की केक पौष्टिक होतो का?

प्रश्न : आम्ही क्रॉयडनला राहतो. मुलगी पुढच्या महिन्यात सात वर्षांची होईल. वाढदिवसाला चॉकलेट केक घरीच करायचा बेत आहे. सासूबाई सध्या नाशिकहून आल्या आहेत. त्यांना मधुमेह आहे आणि अंडं चालत नाही. म्हणून रंगीत तालीम म्हणून मैद्याऐवजी चपातीचं पीठ, साखरेच्या जागी तेवढाच गूळ आणि बटरऐवजी साजूक तूप घालून केक केला. मधोमध खचला, कडा कडक झाल्या आणि खाताना घशाखाली उतरेना. पौष्टिक केक असाच लागतो का? आणि गुळाने तो खरंच पौष्टिक होतो का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते एका शब्दात आहे : नाही. गुळात बहुतांश सुक्रोजच असतं, म्हणजे साखरेच्या डब्यातलंच द्रव्य. लोह आणि खनिजं थोडी असतात, पण केकच्या एका तुकड्यातून पोटात जाणाऱ्या गुळाने कुणाचं हिमोग्लोबिन वाढत नाही. रक्तातली साखर मात्र दोन्हींनी चढते, आणि सासूबाईंच्या दृष्टीने तेवढंच महत्त्वाचं आहे. तुमच्याकडची एनएचएस साखरेचा हिशेब मांडते तेव्हा मध, सिरप, फळांचा रस हे सगळं साखरेच्याच खात्यात धरते. खजूर वाटून त्याचा लगदा घातला तरी सुटका नाही, अख्ख्या खजुराला तेवढी सूट आहे. मोठ्या माणसाला दिवसाला ३० ग्रॅम आणि सात ते दहा वर्षांच्या मुलांना २४ ग्रॅम ही तिथली कमाल मर्यादा. गुळाची चव आवडत असेल तर जरूर घाला, फक्त त्याच्या नावावर दोन तुकडे जास्त खाऊ नका.

मग साखर कमी करायची कुठे? इंग्रजी पद्धतीचा चार अंड्यांचा दुपदरी चॉकलेट केक घेऊ. त्यात २२५ ग्रॅम साखर आणि तेवढंच बटर असतं. वरच्या आणि मधल्या बटरक्रीमला आणखी १५० ग्रॅम बटर आणि ३०० ग्रॅम आयसिंग शुगर लागते. म्हणजे केकपेक्षा त्याच्या अंगावरच्या झग्यातच साखर जास्त! एकूण ५२५ ग्रॅम. बारा तुकडे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ ४४ ग्रॅम, मुलीच्या दिवसभराच्या मर्यादेच्या पावणेदोन पट. आपण गूळ की साखर यावर वाद घालत बसतो आणि बटरक्रीमकडे कुणी बघतही नाही. ते काढून टाका, निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

तुपाचंही तसंच. बटरमधलं पाणी उडालं की तूप उरतं, त्यामुळे ग्रॅमला ग्रॅम तुपात स्निग्धांश जास्तच. शिऱ्याला ते हवंच, इथे नको. ब्रिटनच्या दुकानांत ‘व्हेजिटेबल ऑइल’ लिहिलेली जी साधी बाटली मिळते तिच्यात बहुधा रेपसीड तेल असतं. मोहरीच्याच कुळातलं, पण उग्र वास नसलेलं. त्यात संपृक्त चरबी सातेक टक्के, बटरमध्ये ती वजनाच्या निम्मी. उष्मांकांच्या बाबतीत मात्र तेल बटरपेक्षा हलकं नाही, म्हणून मोजूनच घालायचं. तेलाचा केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, कारण तेल थंड झालं तरी थिजत नाही.

आता खचलेल्या केकाकडे येऊ. चपातीचं पीठ ताणलं जावं, पोळी लाटताना फाटू नये म्हणून घेतलेलं असतं. केकला नेमकं उलट हवं. पिठातलं ग्लुटेन पाण्यात भिजून घोटलं की चिवट होतं आणि केक रबरासारखा लागतो. शिवाय कोंडा पाणी पितो, आणि सावकाश पितो. मैद्याच्या कृतीतलं दूध-पाण्याचं माप तसंच ठेवून कणीक घातली तर भट्टीत गेल्यावर कोंडा उरलासुरला ओलावा ओढून घेतो. तुमच्या घशाखाली न उतरणारा केक तो हाच.

यावरचा उपाय तुम्हाला शंकरपाळ्यांमुळे ठाऊक आहे : मोहन. आधी कोरड्या पिठाला तेल चोळून घ्यायचं. तेलाने माखलेल्या कणांना पाणी लगेच भिडत नाही, ग्लुटेनचे धागे लांब होत नाहीत आणि केक खुसखुशीत मोडतो. मग दही घालून पीठ २० मिनिटं झाकून ठेवायचं, म्हणजे कोंड्याला हवं ते पाणी तो भट्टीबाहेरच पिऊन घेईल. रवा केकला रवा आपण भिजवतोच, कणकेला मात्र ही सवलत कुणी देत नाही.

पीठ घेताना पाकीट नीट वाचा. थॉर्नटन हीथ किंवा लंडन रोडच्या आपल्या दुकानांत मोठ्या पिशव्यांतून मिळणारं ‘मीडियम’ चपाती पीठ बहुधा पूर्ण गव्हाचं नसतं, पांढऱ्या पिठात थोडा कोंडा मिसळलेला असतो. ‘होलमील’ हा शब्द शोधा, तोही ‘प्लेन’, ब्रेडचा नको. ‘सेल्फ-रेझिंग’ घेतलंत तर त्यात फुगवणारी पूड आधीच असते. वरून आपण नेहमीची बेकिंग पावडर घातली की केक आधी भराभर फुगतो आणि मग मधोमध बसतो. तिकडच्या पांढऱ्या पिठाला सरसकट शत्रू मानायचंही कारण नाही. ब्रिटनमध्ये त्यात कॅल्शियम, लोह, थायमिन आणि नायसिन घालणं कायद्याने सक्तीचं आहे. तंतू मात्र होलमीलमध्येच.

कडा कडक आणि मध्य कच्चा, याचं आणखी एक साधं कारण म्हणजे पंख्याचा ओव्हन. कृतीत १८० अंश लिहिलेलं असलं तर पंखा चालू असताना १६० ठेवायचे. गॅसचा ओव्हन असेल तर ४ नंबर.

अंड्याची चिंता सोडा. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर. पुढे महायुद्धात साखर १९४० पासून शिधापत्रिकेवर आली ती १९५३ पर्यंत, अंडीही मोजून मिळायची. कमी साखरेचा, बिनअंड्याचा केक इंग्रज गृहिणींनी त्या काळात नाइलाजाने भरपूर केला. तेव्हा सासूबाईंच्या निमित्ताने आपण काही तडजोड करतो आहोत असं मनात आणू नका.

अंड्याऐवजी फुगवायचं काम सोडा आणि आंबट पदार्थ मिळून करतात. इथे कोको बघून घ्यावा लागतो. घटकांच्या यादीत ‘पोटॅशियम कार्बोनेट’ दिसलं तर तो कोको अल्कलीने सौम्य केलेला. तो गडद असतो, कमी कडू लागतो आणि त्यामुळे कमी साखरेत निभतो, पण त्यात आंबटपणा उरलेला नसतो. म्हणून दही हवंच. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’चा डबा चुकूनही उचलू नका, त्यात कोकोपेक्षा साखरच जास्त.

कृती अशी. वाटीचं माप विसरा आणि वजनकाटा काढा. १८० ग्रॅम प्लेन होलमील पीठ चाळा, चाळणीत उरलेला कोंडाही परत त्यात टाका आणि ७५ मिलिलिटर तेल बोटांनी चोळा. २०० ग्रॅम साधं दही घालून अलगद कालवा, घोटू नका, आणि झाकून ठेवा. तोवर ३५ ग्रॅम कोको, १२० ग्रॅम ब्राऊन साखर आणि चिमूटभर मीठ १२० मिलिलिटर कडकडीत पाण्यात विरघळवा. गरम पाण्याने कोकोचा वास खुलतो, मिठाने कडवटपणा दबतो. हे कोमट झालं की पिठात मिसळा, वर चमचाभर व्हॅनिला. बीट आवडत असेल तर उकडलेलं बीट १०० ग्रॅम किसून घाला आणि पाणी ८० मिलिलिटरवर आणा. सरे स्ट्रीटच्या बाजारात ताजं बीट मिळेल. त्या बाजाराला सनद मिळाली १२७६ मध्ये, चॉकलेट युरोपात पोचण्याच्या कितीतरी आधी! बिटाने केक ओलसर होतो आणि चवीत ते ओळखू येत नाही.

अगदी शेवटी एक चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा गाळणीतून भुरभुरवा, चार-सहा हात फिरवा आणि लगेच २० सेंटिमीटरच्या, कागद लावलेल्या टिनमध्ये ओता. ढोकळ्याचं पीठ सोडा घातल्यावर ताटकळत ठेवत नाही, तसंच. साधारण ३५ ते ४० मिनिटं लागतील. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका. मधोमध घातलेली सळई कोरडी निघाली की झालं.

साखर याहून खाली नेऊ नका. ती फक्त गोडीसाठी नसते, ओलावाही तीच धरून ठेवते. ६० ग्रॅमवर आणलीत तर केक नव्हे, भाकरी होईल. दहा तुकडे केले तर प्रत्येकात १२ ग्रॅम साखर येते, मुलीच्या मर्यादेच्या निम्मी. वर आयसिंगऐवजी घट्ट दही आणि स्ट्रॉबेरीचे काप पुरेत. मेणबत्त्या त्यावरही उभ्या राहतात.

सासूबाईंसाठी वेगळा हिशेब करा. पीठ-साखर मिळून एका तुकड्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं येतात, दीड-दोन फुलक्यांएवढी. तेव्हा त्या दिवशी जेवणातले फुलके तेवढे कमी करून तुकडा जेवणासोबतच द्यावा. त्या इन्सुलिन घेत असतील तर डोसचं त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, अंदाजाने काही बदलू नका.

मुलीच्या वर्गातही केक द्यायचा असेल तर शाळेचा नियम आधी विचारा. बऱ्याच ब्रिटिश शाळांत शेंगदाणे, बदाम, काजू यांना बंदी असते. या केकमध्ये ते नाहीत, पण गहू आणि दूध आहे. डब्यावर चिठ्ठी लावून ही दोन नावं ठळक अक्षरांत लिहा.